नागपूरचा नायुडू इंदूरला गेला तेव्हा

२ मार्च २०२५. नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी करंडक उचलला. त्या रात्री आमच्या दिग्रसच्या शाळासोबत्यांच्या गटात अभिनंदनाच्या शंभरेक संदेशांमध्ये एकाने लिहिले, "करुण नायर कर्नाटकचा, ध्रुव शोरी दिल्लीचा. भाड्याने आणलेल्यांनी जिंकून दिलेल्या करंडकावर आपण काय नाचायचे?" त्यावर दोन तास जुंपली. मीही त्यात उतरलो आणि नेहमीप्रमाणे उत्तर इतके लांबले की कुणी वाचलेच नाही. म्हणून आज हा थ्रेड. लांब आहे, सवडीने वाचा.

खेळाडूंची देवघेव हा शब्दप्रयोग अलीकडे आपल्या कानांवर फार पडतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पांड्या गुजरातकडून मुंबईकडे 'ट्रेड' झाला, महिन्याभरात रोहित शर्माच्या जागी कर्णधार झाला आणि पुढच्या हंगामात वानखेडेवर मुंबईच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. अमेरिकन फुटबॉलमध्ये ज्याच्या हातून जवळजवळ प्रत्येक चढाई सुरू होते त्या खेळाडूला क्वार्टरबॅक म्हणतात. सॅन फ्रान्सिस्कोला चार वेळा 'सुपर बोल' जिंकून देणारा जो मोंटाना हा असाच एक. त्यालाही १९९३ मध्ये कॅन्सस सिटीकडे धाडण्यात आले. तेव्हा बाजार जगभर आहे. आपल्याकडे मात्र समजूत अशी, की हा बाजार २००८ साली आयपीएलच्या लिलावाबरोबर आला आणि त्याआधी खेळाडू आपापल्या मातीसाठी खेळत असत.

ही समजूत चुकीची आहे. आणि ती चुकीची असल्याचा सर्वांत ठळक पुरावा आपल्याच विदर्भात जन्मला.

कोट्टारी कनकैया नायुडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपूरचा. घराणे तेलुगू, शिक्षण हिस्लॉपमध्ये. १९१६ पासून ते मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदू संघाकडून खेळत होते. नागपूर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी. शहरात सचिवालय होते, महाविद्यालये होती, गिरण्या होत्या. पण क्रिकेटपटूला पोसेल असा राजा नव्हता. ब्रिटिश मुलखाची हीच गोम होती. तिथे जिमखाने होते, पण त्या जिमखान्यांवर कुणाचे पोट चालत नसे. संस्थानी मुलखात मात्र एका माणसाची मर्जी पुरेशी होती.

१९२३ साली इंदूरच्या होळकर दरबाराने नायुडूंना बोलावून घेतले आणि आपल्या सैन्यात कॅप्टनचा हुद्दा दिला. पुढे ते कर्नल झाले. जगाने त्यांना 'कर्नल सी. के.' म्हणूनच ओळखले. हा कर्नल कोणत्या लढाईत लढला, असा प्रश्न कुणी विचारत नाही. त्या हुद्द्याचा अर्थ आजच्या भाषेत सांगायचा तर तो करार होता. रक्कम जाहीर नाही, लिलावाचा हातोडा नाही. गणवेश, निवास आणि दरमहा पगार. १९२६ च्या डिसेंबरात मुंबईत एमसीसीच्या गोलंदाजांवर अकरा षटकारांसह १५३ धावा काढणारा फलंदाज नागपुरात जन्मला होता, हे खरे. त्याचा पगार तोवर तीन वर्षे इंदूरहून येत होता, हेही तितकेच खरे.

मागच्या थ्रेडमध्ये आपण शहाजीराजांच्या चाकरीचा मुद्दा घेतला होता. निजामशाही, आदिलशाही, मोगल, पुन्हा निजामशाही, पुन्हा आदिलशाही असा तो प्रवास. त्या थ्रेडखाली 'गद्दारी' हा शब्द ज्यांनी वापरला, त्यांना मी तेव्हा म्हटले होते की सतराव्या शतकातल्या सरदाराला एकविसाव्या शतकातला पक्षांतरबंदी कायदा लावू नका. त्या काळी निष्ठा वतनाशी, घराण्याशी, पदरच्या माणसांशी होती आणि सरहद्द रोज हलत होती. क्रिकेटची संस्थानी व्यवस्था याच जुन्या चाकरीची शेवटची सावली होती, असे माझे मत आहे. होळकर, गायकवाड, पवार ही सारी मराठी घराणी. पेशवाईत त्यांनी घोडेस्वार जमवले, विसाव्या शतकात फलंदाज.

आणि जमवले म्हणजे किती? होळकरांचा संघ रणजी स्पर्धेत साधारण चौदा वर्षे होता, १९५५ पर्यंत. एवढ्या काळात त्याने दहा वेळा अंतिम फेरी गाठली आणि चार वेळा करंडक जिंकला : १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१, १९५२-५३. पहिल्या विजेतेपदाच्या वाटेवर म्हैसूरविरुद्ध या संघाने ८ बाद ९१२ धावा केल्या. एका डावात सहा शतके. त्या सहांची नावे वाचा : भांडारकर, सरवटे, जगदाळे, नायुडू, निंबाळकर, प्रताप सिंग. यांपैकी भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे. याच निंबाळकरांनी डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या, त्या महाराष्ट्राकडून. ब्रॅडमनच्या ४५२ चा विक्रम नऊ धावांवर असताना काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, संघाला घेऊन मैदान सोडून गेले ही गोष्ट तुम्हांला माहीत असेल. निंबाळकर कोणाचे, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. १९४५-४६ मध्ये होळकरांचे, १९४८ मध्ये महाराष्ट्राचे, पुढे रेल्वेचेही. कसोटी सामना त्यांना एकदाही मिळाला नाही, तेव्हा भारताचे म्हणायची सोय नाही.

सी. के. यांचे धाकटे भाऊ सी. एस. नायुडू यांचा प्रवास तर याहून मोठा. जन्म नागपूरचाच. आधी बडोदा, मग होळकर, पुढे बंगाल, आंध्र, उत्तर प्रदेश. मार्च १९४५ च्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध ब्रेबॉर्नवर त्यांनी दोन डावांत मिळून ९१७ चेंडू टाकले. एका प्रथम श्रेणी सामन्यात एका माणसाने टाकलेले हे सर्वाधिक चेंडू. मुंबईच्या ४६२ आणि ७६४ धावा. होळकरांसमोर जिंकण्यासाठी ८६७ चे आव्हान, आणि त्या डावात त्यांच्या बाजूने नाबाद २४९ धावा कुणी काढल्या? इंग्लंडच्या डेनिस कॉम्प्टनने! महायुद्धामुळे तो इंदूरजवळच्या महूच्या छावणीत होता, होळकरांनी त्याला संघात घेतले. सामना मुंबईने ३७४ धावांनी जिंकला, हा भाग वेगळा. पण करुण नायरवर नाक मुरडणाऱ्या माझ्या मित्राने ही संघयादी एकदा पाहावी. नागपूरचे दोन नायुडू, इंदूरचा मुश्ताक अली, सागरला जन्मलेले चंदू सरवटे आणि मिडलसेक्सचा कॉम्प्टन. छातीवर चिन्ह होळकरांचे.

दोन वर्षांनी बडोद्यात याच होळकरांना बडोद्याने एक डाव आणि ४०९ धावांनी चिरडले. त्या सामन्यातली चौथ्या गड्याची ५७७ धावांची भागीदारी आजही त्या गड्यासाठी विक्रम आहे. एका टोकाला सांगलीचे विजय हजारे, दुसऱ्या टोकाला लाहोरचे गुल महंमद. दोघेही बडोद्याच्या पदरी. मार्च १९४७ ची ही गोष्ट. पाच महिन्यांनी लाहोर दुसऱ्या देशात गेले.

या आश्रयाची काळी बाजू लपवण्याचे कारण नाही. ज्याचा पैसा, त्याची टोपी, हा त्या व्यवस्थेचा नियम होता. १९३२ साली भारताच्या पहिल्या कसोटीचे नेतृत्व नायुडूंकडे आले ते दौऱ्याचे कर्णधार पोरबंदरचे महाराज आणि उपकर्णधार लिंबडीचे राजपुत्र बाजूला राहिले म्हणून. १९३६ च्या दौऱ्यावर विजयनगरमचे महाराजकुमार कर्णधार होऊन गेले, नायुडू त्यांच्या हाताखाली खेळले आणि लाला अमरनाथांना पहिल्या कसोटीच्या आधीच बोटीत बसवून परत पाठवण्यात आले. संघनिवडीत गुणवत्तेहून हुद्दा वरचढ ठरला की काय होते, त्याचा याहून बोलका नमुना आपल्या क्रिकेटच्या इतिहासात नाही.

आता या सगळ्या काळात आपण, म्हणजे विदर्भ, कुठे होतो?

मध्य प्रांत व वऱ्हाड या नावाचा एक संघ होता. तो रणजीत खेळे आणि हरे. करंडक त्याने कधी पाहिला नाही. हिरालाल गायकवाडांसारखा नागपूरचा डावखुरा गोलंदाज त्यातून खेळला आणि होळकरांकडे गेला. तिथे तो विजेता झाला. म्हणजे आज आपण ज्यांना 'विकत घेणारे' म्हणून नावे ठेवतो, त्यांना माल पुरवणारा मुलूख आपलाच होता. कापसासारखेच. पिकायचे इकडे, गाठी बांधून जायचे तिकडे. वऱ्हाडातल्या माणसाला ही तऱ्हा समजावून सांगावी लागू नये.

१९५७-५८ पासून विदर्भ स्वतःच्या नावाने खेळू लागला. त्यानंतरची साठ वर्षे मी झटकन ओलांडतो. पराभवांच्या तपशिलात शिकण्यासारखे फारसे नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये उमेश यादव भारताकडून कसोटी खेळला तेव्हा विदर्भातून कसोटीपर्यंत पोहोचलेला पहिला खेळाडू म्हणून त्याचे कौतुक झाले. खापरखेड्याच्या बाजूच्या कोळसाखाणीतल्या कामगाराचा मुलगा. चोपन्न वर्षांनी एक.

मग आले पाहुणे. नियमाप्रमाणे रणजी संघाला बाहेरचे तीन खेळाडू घेता येतात आणि त्यांना मूळ संघटनेचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. विदर्भाने कर्नाटकचा गणेश सतीश घेतला, २०१५ मध्ये मुंबईचा वसीम जाफर घेतला, प्रशिक्षक म्हणून मुंबईचेच चंद्रकांत पंडित आणले. जाफरची गोष्ट थांबून सांगण्यासारखी आहे. २०१६-१७ चा हंगाम तो दुखापतीमुळे खेळू शकला नाही, तरी विदर्भाने त्याचे ठरलेले मानधन दिले. पुढच्या हंगामात तो परतला आणि त्या वर्षाचे पैसे त्याने घेतले नाहीत. ज्याला आपण भाडोत्री म्हणत होतो, तो विदर्भाच्या पहिल्या विजेतेपदाच्या हंगामात फुकट खेळला.

आणि ते विजेतेपद कुठे मिळाले? १ जानेवारी २०१८, इंदूर, होळकर स्टेडियम. दिल्लीविरुद्ध रजनीश गुरबानीने अंतिम सामन्यात हॅटट्रिक घेतली, अक्षय वाडकरने १३३ धावा केल्या आणि विजयी फटका मारला तो एकोणचाळिसाव्या वर्षी मैदानात उभ्या असलेल्या जाफरने. नागपूरचा नायुडू पोटासाठी ज्या गावी गेला, त्याच गावात, त्याच घराण्याच्या नावाच्या मैदानावर, मुंबईच्या माणसाच्या बॅटीने विदर्भाला पहिला करंडक मिळाला. इतिहासात असे योगायोग जुळवून सांगायचे नसतात, आमचे सर रागावतात. पण हा मी जुळवलेला नाही.

इथवर वाचून कुणाला वाटेल की मी खेळाडूंच्या बाजाराचा वकील आहे. तसे नाही. होळकरांच्या संघाचे पुढे काय झाले तेही पाहिले पाहिजे. संस्थान विलीन झाले, संघ १९५५ मध्ये संपला, त्याची जागा आधी मध्य भारताने आणि मग मध्य प्रदेशाने घेतली. १९५३ नंतर इंदूरला पुढचा रणजी करंडक मिळाला तो जून २०२२ मध्ये. एकोणसत्तर वर्षे! तेव्हा प्रशिक्षक कोण होते? तेच चंद्रकांत पंडित. राजाचा हात निघाला आणि करंडकही गेला. पण सगळेच गेले नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुश्ताक अलीला हेरून सी. के. नायुडूंनी घडवले, आणि त्याने १९३६ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर शतक ठोकले. परदेशात कसोटी शतक करणारा तो पहिला भारतीय. जगदाळ्यांच्या घरात खेळ टिकला, मुलगा संजय जगदाळे याने पुढे नरेंद्र हिरवाणीला घडवले. विकत आणलेल्या माणसाने मागे काय ठेवले, हे मोजायला पिढ्या लागतात.

विदर्भाचा हिशेब या कसोटीवर मांडून पाहा. २०२४-२५ च्या हंगामात करुण नायरने ८६३ धावा केल्या, अंतिम सामन्यात ८६ आणि १३५. मोठीच कामगिरी. पण त्या हंगामात संपूर्ण स्पर्धेत सर्वाधिक, ९६० धावा कुणाच्या? यश राठोडच्या. ६९ बळी घेऊन रणजीच्या एका हंगामाचा विक्रम कुणी केला? हर्ष दुबेने. अंतिम सामन्यात १५३ धावांची खेळी कुणाची? दानिश मालेवारची, आणि समोर २१५ धावांच्या भागीदारीत उभा होता करुण नायर. ही सगळी विदर्भाची पोरे. पाहुण्यांनी त्यांच्या जागा खाल्ल्या असे आकडे म्हणत नाहीत.

मित्राच्या आक्षेपाला माझे उत्तर असे, की तू तिघांवर भांडतोस आणि आठांना विसरतोस. अकरांपैकी फार तर तीन बाहेरचे. उरलेले आठ कुठून येतात, हा खरा प्रश्न आहे आणि तो कुणी विचारत नाही. संघ जाहीर झाला की मी नावांपुढची गावे शोधतो. अथर्व तायडे अकोल्याचा, दर्शन नळकांडे वर्ध्याचा, जितेश शर्मा अमरावतीचा. बाकी बहुतेक यादी नागपूरभोवती फिरते. दिग्रसहून यवतमाळमार्गे नागपूर एसटीने जवळजवळ अर्धा दिवस. आमच्या वर्गात एक डावखुरा फिरकी गोलंदाज होता. नाव घेत नाही, तो हे वाचतो. तालुक्यात त्याचा चेंडू कुणाला कळत नसे. मॅटवर खेळून मोठा झाला, टर्फवर पहिल्यांदा उतरला तो थेट निवड चाचणीच्या दिवशी, सतराव्या वर्षी. दोन षटके टाकायला मिळाली. परतीच्या गाडीची वेळ झाली म्हणून निकालाला थांबला नाही, आणि पुन्हा गेलाही नाही. आज त्याचे कृषी केंद्र आहे आणि धंदा बरा चालला आहे. त्याची जागा वसीम जाफरने घेतली नव्हती. करुण नायरनेही नाही. टर्फची खेळपट्टी आणि त्याचे गाव यांच्यातले दोनशे किलोमीटर त्याच्या जागेवर बसले होते.

म्हणून मला पाहुण्या खेळाडूचा राग येत नाही. राग येतो तो या गोष्टीचा, की पाहुण्यावर वाद घालताना आपण घरच्यांचा हिशेब मांडत नाही. होळकरांनी नायुडूंना नेले याबद्दल नागपूरने गळा काढण्यापेक्षा, नागपूरने नायुडूंना काय दिले असते असा प्रश्न १९२३ मध्ये कुणी विचारायला हवा होता. तोच प्रश्न आज दिग्रस, पुसद, उमरखेडच्या वतीने नागपूरला विचारता येतो. जिल्ह्याच्या ठिकाणी टर्फ किती, चाचण्या तालुक्यात होतात का, सोळा वर्षांखालील मुलांना राहायची सोय कुठे. हे प्रश्न कंटाळवाणे आहेत, त्यांवर मीम होत नाहीत, याची मला कल्पना आहे.

थांबण्याआधी त्या २०२५ च्या अंतिम सामन्याकडे एकदा परत जाऊ, कारण त्या रात्रीच्या भांडणात एक नाव कुणीच घेतले नाही. केरळच्या संघात एक डावखुरा फिरकी गोलंदाज होता, आदित्य सरवटे. होळकरांच्या चंदू सरवट्यांशी आडनावाचा योगायोग एवढाच. हा नागपूरचा. २०१९ च्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राविरुद्ध अकरा बळी घेऊन, त्यात पुजाराला दोन्ही डावांत स्वस्तात बाद करून, विदर्भाला दुसरा करंडक त्यानेच मिळवून दिला होता. २०२४-२५ मध्ये तो पाहुणा खेळाडू म्हणून केरळकडे गेला. उपांत्य सामन्यात गुजरातला दोन धावा कमी पडल्या, तो शेवटचा बळी त्याचा. चेंडू जवळच्या क्षेत्ररक्षकाच्या शिरस्त्राणावर आदळून उडाला आणि झेलला गेला. त्या दोन धावांच्या आघाडीवर केरळ पहिल्यांदा अंतिम फेरीत आला, आणि आला तो नेमका जामठ्याला. सरवटेने आपल्या जुन्या मैदानावर आपल्या जुन्या सोबत्यांविरुद्ध ७९ धावा केल्या. केरळ पहिल्या डावात ३७ धावांनी मागे पडला आणि करंडक तिथेच ठरला.

त्या रात्री केरळच्या गावागावांत कुणी तरी गटात लिहिले असेल, की भाड्याने आणलेल्या नागपूरकरावर काय अवलंबून राहायचे. मी सरवटेची ती खेळी मोबाइलवर पाहिली. पन्नास झाल्यावर त्याने बॅट उंचावली तेव्हा टाळी वाजवावी की नाही, हे मला क्षणभर कळले नाही. मग वाजवली.